येळवसेच्या आदल्या दिवशी गोलाईत

उपरणं कानावरून घट्ट बांधा आणि खिडकीतून तोंड बाहेर काढू नका. इंजिनाच्या धुरातून कोळशाचे कण उडतायत. एक जरी डोळ्यात गेला तरी दिवसभर चोळत बसाल. गाडी छोटी, रुळांची रुंदी जेमतेम अडीच फूट, आणि डब्यात माणसांपेक्षा गाठोडी जास्त. तुमच्या मांडीवर कुणाचं तरी चार वर्षांचं पोरगं येऊन बसलंय. त्याच्या आईनं तुम्हाला विचारलं नाही. विचारायचं काय त्यात? मांडी मोकळी दिसली, पोरगं बसवलं. त्याच्या हातात उसाचं कांडं आहे आणि चिकट रस तुमच्या धोतरावर टपकतोय. लुगडं नेसला असाल तर लुगड्यावर.

ही बार्शी लाईट. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं उभी केलेली ही लाइन कुर्डुवाडीहून निघते आणि बार्शी, येडशी, तडवळे, ढोकी, मुरूड करत लातूरला येऊन टेकते. १९११ साली रूळ इथवर पोचले आणि त्या दिवसापासून लातूरचं नशीब पालटलं. आज तुम्ही १९४५ सालच्या हिवाळ्यात आहात. मार्गशीर्ष वद्य चतुर्दशी, म्हणजे येळवस, शेतात साजरी व्हायची अमावस्या, उद्यावर आली. येडशीच्या रामलिंग घाटात गाडी इतकी दमली होती, की दोन तरणी पोरं खाली उतरली, रुळालगतच्या बोरीवरून मूठभर बोरं ओरबाडली आणि पळत येऊन पुन्हा डब्यात चढली. त्यातलं एक बोर तुमच्या हातावर ठेवलं गेलं. खा. आंबट आहे, पण घाट चढताना कोरडा पडलेला घसा ओला होईल.

मघाशी एका शिपायानं सगळ्यांची गाठोडी चाचपली, ते आठवतंय? तो करोडगिरीचा माणूस. इंग्रजांचा मुलूख संपून निजामाचा सुरू झाला, की माल तपासायचा, जकात घ्यायची. त्याच्याशी राजकारण बोलत बसू नका. आज आपल्याला वेळ नाही. फक्त खिशात काय आहे ते पाहून ठेवा. तुमच्याजवळचा इंग्रजी रुपया म्हणजे कलदार. तो चालेल, पण हिशेब होईल हाली शिक्क्यात, आणि कलदाराला हालीपेक्षा जरा जास्त भाव मिळेल. शेजारच्या म्हाताऱ्यानं कनवटीचा हाली रुपया काढून तुम्हाला दाखवला. उलटून पाहा, त्यावर चारमिनार आहे. म्हाताऱ्यानं हैदराबाद कधी पाहिलेलं नाही, चारमिनार मात्र रोज कनवटीला लावून फिरतो.

हरंगुळ गेलं. सामान आवरा.

स्टेशनावर उतरलात की पहिला धक्का थंडीचा, दुसरा वासाचा. थंडी कोरडी आहे, ओठ फाटतात. वास मात्र ओला आणि गोड: कडब्याचा, शेणाचा, गुळाचा, आणि त्या सगळ्यांच्या तळाशी कुठेतरी करडईच्या तेलाचा. टांगेवाला पुढे येतो, लगाम खांद्यावर टाकतो आणि विचारतो, "कुठं जाऊलालाव, मालक?"

"गोलाईला" म्हणा. एवढं पुरे आहे. या गावात पत्ता सांगायचा तर गोलाईपासूनच सांगावा लागतो.

टांग्यात बसल्या बसल्या रस्त्याकडे पाहा. पुढं बैलगाड्या, मागं बैलगाड्या. गाड्यांवर तुरीची पोती, शेंगांची पोती, गुळाच्या ढेपा, आणि एका गाडीवर फक्त मडकी. मडक्यांच्या गाडीचा माणूस सगळ्यांना हात जोडत, शिव्या देत, पुन्हा हात जोडत वाट काढतोय. त्याचा आजचा दिवस वर्षातला सगळ्यात मोठा. का, ते थोड्या वेळात कळेल.

आणि मग रस्ता एकदम उघडतो.

उतरा. टांगा यापुढं जायचा नाही. तुमच्यासमोर एक भली मोठी दुमजली इमारत आहे आणि ती सरळ नाही, वळत जाते. डावीकडे पाहिलंत तरी वळते, उजवीकडे पाहिलंत तरी वळते. तुम्ही चालू लागलात तर फिरून इथंच याल. फैयाजुद्दीन नावाच्या नगररचनाकारानं १९१७ च्या सुमाराला हा गोल आखला. मधोमध जगदंबेचं देऊळ, भोवती बाजाराची गोल इमारत, आणि तिच्या भोवतालून सोळा दिशांना सुटलेले सोळा रस्ते. औशाकडून येणारी गाडी असो, निलंग्याकडून असो, उदगीर-अहमदपूरकडून असो, प्रत्येकीला कुठूनतरी आत शिरायला तोंड मिळतं. कागदावर ते किती सुंदर दिसत असेल, कोण जाणे. इथं उभं राहिलं, की तो नकाशा पायाखाली धडधडतो.

खरंच धडधडतो. "ओझं! ओझं हाय, सरा!" मागून आरोळी आली आणि तुम्ही बाजूला व्हायच्या आत एक हमाल तुमच्या खांद्याला घासून गेला. त्याच्या पाठीवर पोतं, पोत्याला आकडा, कपाळाची शीर टरारलेली. एवढ्या थंडीत त्याच्या अंगातून वाफ निघतेय. अंगावर चड्डी आणि डोक्यावर दुमडलेलं किलतान, बाकी काही नाही. तो पावलं मोठी टाकत नाही. बारीक, झपाझप, गुडघे किंचित वाकवून चालतो. एवढं ओझं घेऊन एकदा थांबलं की पुन्हा सुरुवात करणं जड जातं, म्हणून तो थांबत नाही, जगानं बाजूला व्हायचं. व्हा बाजूला. इथं त्याचा मान पहिला.

भिंतीशी सरकून उभे राहा आणि आता नीट ऐका. आडतीच्या दुकानासमोर जाड कापडावर तुरीची रास ओतलीय. मापाडी उकिडवा बसून मापं भरतोय. पहिलं माप टाकताना तो 'एक' म्हणत नाही, 'लाभ' म्हणतो. लाऽऽभ... मग दोन, मग तीन. तो आकडा तोंडात घोळवत राहतो, पुढचं माप भरेपर्यंत तोच पुन्हा पुन्हा म्हणतो, म्हणजे विसरायला नको. चारी बाजूंनी चार मापाडी चार वेगवेगळे आकडे गातायत आणि कुणाचाही आकडा चुकत नाही. तुम्ही मध्ये उभे राहून दोन मिनिटं ऐकलंत तर तुमचा स्वतःचा हिशेब मात्र नक्की चुकेल.

राशीच्या कडेला एक बाई बसलीय, हातात केरसुणी, शेजारी सूप. मापातून निसटलेले, पोत्यातून गळलेले दाणे ती झाडून गोळा करते. धूळ, खडे आणि तूर यांची रास सुपात घेते, दोनदा पाखडते, तोंडानं एक फुंकर मारते आणि निवडलेली तूर ओट्यात टाकते. तिची बोटं इतकी झरझर चालतात, की कोणता खडा कधी उडाला ते दिसत नाही. संध्याकाळपर्यंत ओट्यात जे जमेल ती तिची कमाई. आज ती खुशीत आहे. येळवसेच्या आदल्या दिवशी माल जास्त येतो आणि जास्त सांडतो.

आता जरा पुढं या. तो पागोटेवाला आडत्या आणि समोरचा खरीददार पाहा. दोघंही एकमेकांकडे बघत नाहीत. एकानं रस्त्याकडे नजर लावलीय, दुसरा जगदंबेच्या कळसाकडे बघतोय. दोघांच्या हातांवर मात्र एक उपरणं पडलंय आणि उपरण्याखाली काहीतरी हलतंय. बोटं दाबली जातायत. किती बोटं, कोणतं पेर, किती वेळ. त्यात भाव आहे. एकानं मान हलवली. पुन्हा बोटं. आता दुसऱ्याचा चेहरा किंचित आंबट झाला, तेवढ्यात उपरणं उचललं गेलं, आणि सौदा झाला. ज्याची तूर, तो शेतकरी मात्र राशीजवळ उकिडवा बसून त्या उपरण्याकडे टक लावून पाहत होता. वर्षभराचा घाम त्या कापडाखाली होता आणि त्याला तो दिसत नव्हता. त्याला आडत्या सांगेल तो भाव. तो उठला, धोतराचा धुरळा झटकला, राशीतले चार दाणे उचलून पुन्हा राशीत टाकले. त्या चार दाण्यांकडे लक्ष द्या. गोलाईची थोरवी सांगताना हे उपरणं विसरायचं नाही.

नाकाला काहीतरी झोंबतंय ना? तुम्ही मिरचीच्या अंगाला आलात. लाल मिरच्यांचे ढीग, त्यावर उन्हाची तिरीप, आणि हवेत एक न दिसणारी आग. सगळे शिंकतायत. विकणारा शिंकतो, घेणारी शिंकते, तिच्या कडेवरचं पोरगं शिंकतं, आणि मग तिघंही हसतात. पळा इथून. गुळाच्या बाजूला चला. तिथं गांधीलमाश्या आहेत, पण वास असा आहे की माशा चावल्या तरी चालतील.

प्रत्येक रस्त्याचा धंदा वेगळा, म्हणून प्रत्येक रस्त्याचा आवाजही वेगळा. सराफ लाईनीत हातोडीची बारीक टिकटिक आणि फुंकणीची फूं. कापड लाईनीत ठाण उलगडल्याचा फडफडाट, इरकली लुगड्यांचा कोऱ्या खळीचा वास, गादीवर पाय दुमडून बसलेला शेठ आणि त्याच्यासमोर तीन पिढ्यांच्या बायका: आजी रंग बघते, आई पोत बघते, लेक नुसतीच आरशात बघते. भुसार लाईनीत धान्याची धूळ उन्हात तरंगते आणि प्रत्येकाच्या भुवया पांढऱ्या दिसतात. साळे गल्लीत मागाची खटखट. कानावर मराठी पडते, मध्येच दखनी उर्दू, मध्येच मारवाडी, मध्येच कन्नड, आणि बोलणारा एकाच वाक्यात दोन भाषा कधी बदलतो ते त्यालाही कळत नाही. रुमी टोपी आणि शेरवानीतला कचेरीचा कारकून मिरचीचा भाव उर्दूत विचारतो, बागवान मराठीत सांगतो, आणि भांडण दोघांच्या मिळून एका तिसऱ्याच भाषेत होतं.

एक गोष्ट इथं उभं असतानाच सांगून टाकतो. औशाला किल्ला आहे, उदगीरला आहे, कंधारला तर खंदक भरून पाणी असलेला देखणा किल्ला आहे. लातूरला असा किल्ला नाही. पाहुणा आला की त्याला काय दाखवायचं, असा प्रश्न लातूरकरांना पडतो आणि मग ते राष्ट्रकूटांकडे जातात. जावंही, आपल्या बिरुदात 'लट्टलूरपुरवराधीश्वर' असं मिरवणारे ते राजे या गावाचं नाव सांगत होते, पापविनाशाच्या देवळात चालुक्य सोमेश्वराच्या काळचा शिलालेख आहे, हे सगळं खरं आहे. पण माझ्या मते या गावाचा किल्ला म्हणजे हीच गोलाई. किल्ल्याला दरवाजे असतात ते बंद करण्यासाठी. हिला सोळा तोंडं आहेत आणि सगळी उघडी.

भूक लागली असेल. देवळाच्या कडेला भज्यांची कढई आहे, घ्या चार भजी आणि शेंगदाण्याची चटणी. कागद नाही, पळसाचं पान आहे. तेल पानावर पसरतं, पानाचा हिरवा वास भज्याला लागतो. पाणी पिताना पखालवाल्याकडे पाहा. रेड्याच्या पाठीवर चामड्याची पखाल, तिचं तोंड सुटलं की रस्त्यावरची धूळ दबते आणि पहिल्या पावसासारखा वास येतो. त्या वासासाठी दोन-तीन पोरं पखालीमागं धावतायत. आया त्यांना ओरडतात, कारण पाणी आडाचं आहे, ओढताना हाताला घट्टे पडतात, आणि माघ सरला की आडाचा तळ दिसायला लागतो. पाण्याचा विषय लातुरात फार वेळ दूर राहत नाही. पुन्हा येऊ त्याच्याकडे.

आधी मडकी. सकाळी रस्त्यात भेटलेल्या त्या माणसानं देवळासमोरच्या मोकळ्या जागेत कडबा पसरून मांड मांडलाय, आणि बायकांनी त्याला चारी बाजूंनी घेरलंय. त्याचं मडकं साधं नाही, ते बिंदगं. मानेला अरुंद, पोटाला गोल, उद्याच्या आंबिलीसाठीचं. बाई बिंदगं उचलते, बोटाच्या पेरानं टिचकी मारते, कानाशी धरते. टण्ण वाजलं तर पक्कं भाजलेलं. भदभद वाजलं तर परत. तुम्हीही एक उचला, वाजवा. शेजारची आक्का तुमच्याकडे बघून म्हणते, "उगं काय वाजवूलालाव? घरी कोण हाय का आंबील करायला?"

"नाही" म्हणा. पाहुणा आहे म्हणा.

तिनं तुमच्या हातातलं बिंदगं काढून घेतलं, स्वतःच्या बिंदग्याशेजारी ठेवलं आणि कुंभाराला दोन्हींचे पैसे दिले. "मग आमच्यात चला. येळवसला माणूस एकटा जेवत नसतोय."

झालं. तुमचा मुक्काम ठरला.

आक्काच्या टोपलीतला बाजार बघत चला: ओल्या हरभऱ्याचे ढाळे, वालाच्या शेंगा, तुरीच्या हिरव्या शेंगा, मेथी, चुका, कांद्याची पात, गाजरं, नवी चिंच. टोपलीत मावत नाही ते तुमच्या खांद्यावर आलं. अंधार पडता पडता गॅसबत्त्या पेटल्या, त्यांच्या भोवती किडे आणि किड्यांखाली माणसं. जगदंबेच्या आरतीची घंटा सुरू झाली, तिच्यातच कुठूनतरी अजान मिसळली. पटेल चौकाच्या बाजूनं धुपाचा वास आला. तिथला सुरतशहावलींचा दर्गा १९३९ सालचा, अजून चुना कोरा आहे. आक्कानं दोन्हीकडे तोंड करून एकेकदा हात जोडले आणि चालण्याचा वेग जराही कमी केला नाही.

आज रात्री घरात कुणी झोपत नाही. तुम्हीही झोपायचं नाही. अंगणात तीन दगडांची चूल, चुलीवर हंडा, आणि हंड्यात भज्जी. मघाच्या कढईतली भजी वेगळी, ही भज्जी वेगळी. सोललेले तुरीचे, वालाचे, हरभऱ्याचे ओले दाणे, सगळ्या पालेभाज्या, चिंचेचा कोळ, वरून हरभऱ्याचं पीठ, आणि लसूण. लसूण किती, हे विचारू नका. तुमच्यासमोर ठेवलेली परडी सोलून संपवा, मग आणखी देतील. नखांत लसणाची आग होते, डोळ्यांत धूर जातो, आणि बोलणं थांबत नाही. एक बाई ज्वारीच्या उंड्यांचे गोळे वळतेय, एक तिळाच्या पोळ्या लाटतेय, एक धपाटी थापतेय. आंबील कधीच झालीय: ज्वारीचं पीठ शिजवून ताकात कालवलं, मिरची-लसूण-आलं वाटून घातलं, आणि बिंदग्यात भरून ठेवलं. रात्रभर ती मुरेल. बिंदग्याच्या तोंडावर फडकं बांधलंय. मध्यरात्री त्याला कान लावलात तर आत बारीक फसफस ऐकू येईल.

येळवस म्हणजे काय, हेही याच चुलीपाशी विचारून घ्या. एक आजी सांगेल, कन्नडमध्ये एळु म्हणजे सात, ही सातवी अमावस्या. दुसरी म्हणेल, छे, एळ्ळु म्हणजे तीळ, तिळाची अमावस्या. दोघींचं भांडण दरवर्षी याच चुलीवर शिजतं आणि दरवर्षी अर्धंकच्चं राहतं. या मुलखाच्या भाषेत कानडी किती खोल मुरलंय, ते एवढ्यावरूनही कळावं. पुस्तकात ती वेळ अमावस्या झाली. तोंडात येळवसच राहिली.

पहाटे तुम्हाला हलवून उठवतील, कारण शेवटी तुम्ही झोपलातच. अंगावर कुणीतरी घोंगडी टाकलीय. तिची लोकर गालाला टोचते आणि तिला धुराचा, बकरीचा, जुन्या पावसाचा वास आहे.

गाडी जुंपलीय. निघण्याआधी मात्र माझं एक ऐका. आक्काला सांगा, आलोच, आणि गल्लीतून पळत गोलाईपर्यंत जाऊन या.

पाहिलंत?

कुणी नाही. काल जिथं पाय ठेवायला जागा नव्हती तिथं आज एक कुत्रं दोन पाय लांब करून झोपलंय. सोळाच्या सोळा रस्ते मोकळे. राशी नाहीत, मापाड्यांचा 'लाभ' नाही, दुकानांना फळ्या लागलेल्या. हमाल गेले शेतावर, आडत्या गेला शेतावर, सराफही गेला, त्याला स्वतःचं शेत नसलं तर गिऱ्हाइकाच्या शेतावर गेला. कालच्या त्या बाईच्या हातून सुटलेले चार तुरीचे दाणे दगडाच्या फटीत आहेत आणि एक चिमणी ते टिपतेय. तिच्या चोचीचा आवाज ऐकू येतो. एरवी इमारत गर्दीमागं झाकलेली असते. आज तिचं सगळं वळण एका नजरेत दिसतं. मध्ये उभे राहा आणि स्वतःभोवती एक फेरी घ्या. तुमच्या काळातही वर्षातून हा एकच दिवस असा येतो. जिल्हाधिकारी सुट्टी जाहीर करतात आणि लातूरचे रस्ते कर्फ्यू लागल्यासारखे ओस पडतात. बाकी सगळं बदललं असेल, हे बदललं नाही. परत पळा. गाडी थांबायची नाही.

गाडीत तुम्हाला मागं बसायचंय, पाय खाली सोडून. बैलांच्या गळ्यात घुंगरमाळा, चाकांना नुकतंच वंगण. पुढं घरधनी चालतोय, डोक्यावर आंबिलीचं बिंदगं, त्यावरून घोंगडी. औशाच्या वाटेला लागलात की दोन्ही बाजूंना काळी जमीन. ज्वारी डोक्याएवढी उभी, कणसांत दूध भरलेलं. हरभऱ्यात पाय घातलात तर अनवाणी पावलांना त्याची आंब लागते, चुरचुरते. दव इतकं पडलंय की धोतर गुडघ्यापर्यंत ओलं. करडई फुलू लागलीय, तिचे काटे पोटरीला रेषा ओढतात. ओढू द्या.

शेताच्या मधोमध कडब्याच्या पेंढ्यांची कोप उभी केलीय. वाकून आत जा. आत पाच दगड, चुन्यानं रंगवलेले. ते पांडव. त्यांच्यासमोर नैवेद्य मांडला, आणि मग घरधनी आंबील घेऊन शेताच्या बांधाबांधानं फिरू लागला, पानानं शिंपडत. याला चर शिंपणं म्हणतात. तुम्ही त्याच्या मागून चाला. ज्वारीच्या पानांची कड हाताला कापते, पायाखाली ढेकळं फुटतात, आंबिलीचा आंबूस वास आणि ओल्या मातीचा वास एकमेकांत जातात.

जेवायला बसा. पत्रावळीवर भज्जी वाढली की ती पसरते, तिला बांध घालायला उंडा मध्ये ठेवा. पहिला घास तोंडात गेल्यावर काही बोलू नका. चिंचेची आंबट, मेथीची कडू आणि ओल्या दाण्यांची गोड चव एकामागून एक येते, घाई केलीत तर शेवटची चुकेल. आंबील वाटीनं नाही, गडूनं प्यायची. तिसऱ्या गडूनंतर डोळे जड होतात. रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येकाला इथून हाक जाते: "ओ पाव्हणं, या जेवायला!" तो ओळखीचा आहे की नाही, कुठल्या गल्लीतला, हे आज कुणी विचारत नाही. काल उपरण्याखाली बोटं दाबणारा आडत्या आज त्याच शेतकऱ्याच्या बांधावर बसून भज्जी मागून घेतोय. शेतकरी वाढतोय. त्याच्या मनात काय आहे, ते चेहऱ्यावरून मला ओळखता आलं नाही. तुम्ही जवळ बसलात, तुम्ही पाहा.

दुपार अशीच गेली. पोरांनी ढाळे भाजले, तोंडं काळी केली. सूर्य ज्वारीच्या तुऱ्यांना टेकला तसे सगळे पुन्हा कोपीपाशी जमले. घरधन्यानं कडब्याचा हेंडगा पेटवला आणि तो जळता घेऊन शेताभोवती पळत सुटला. मागून पोरं. लांबच्या शेतात दुसरा हेंडगा पेटला, त्यापलीकडे तिसरा. बघता बघता अंधारातून ठिकठिकाणी ज्योती धावू लागल्या. तुमच्या गालांवर ऊब, पाठीवर थंडी.

इकडे आजीनं तीन ढेकळांवर छोटं बोळकं ठेवलंय. त्यात दूध. खाली गोवऱ्यांची धग. दूध उतू जाईल, आणि ज्या बाजूनं जाईल त्यावरून पुढच्या सालचं पीकपाणी कळेल. मघापासून बडबडणारी पोरंसुद्धा गप्प झालीत.

तुम्हाला पुढचं बरंच ठाऊक आहे. तडवळे-येडशीची ही छोटी गाडी एक दिवस बंद पडेल, तिच्या जागी मोठे रूळ येतील, लातूर १९८२ साली जिल्ह्याचं ठाणं होईल. आणि १२ एप्रिल २०१६ च्या पहाटे मिरजेहून निघून याच कुर्डुवाडी-लातूर वाटेनं, जिथून आज शेंगा आणि माणसं येतात-जातात, दहा टाक्यांची एक गाडी सुमारे साडेतीनशे किलोमीटर चालून येईल. तिच्यात पाच लाख लिटर पाणी असेल. फक्त पाणी.

दूध चढू लागलं. साय ताणली, कडेला बुडबुडे धरले. आजीची नजर अधू आहे. तिनं न बघताच तुमचा हात धरला. हाताला लसणाचा वास येतोय, घट्टे लागतायत.

"तुमचे डोळे चांगले हायत," ती म्हणते. "सांगा बरं, कोणत्या अंगानं गेलं?"